सांध्याची बांगडी

कोणे एके काळी एक कासारीण नदीकाठच्या बाजारपेठेत आपल्या वडिलांच्या ओट्यावर बसून बांगड्या भरत असे. ओटा देवळाच्या पायऱ्यांना लागून होता. वर पत्रा, मागच्या भिंतीला खुंट्यांवर बांगड्यांच्या माळा, पुढ्यात एक पाट. पाटाच्या आतल्या बाजूला कासारीण बसायची, बाहेरच्या बाजूला गिऱ्हाईक. तिचं नाव द्वारका.

अशा गोष्टींत पुढे एक पांढऱ्या दाढीचा ज्ञानी पुरुष येतो आणि झाडाखाली बसून बोलू लागतो. या गोष्टीत तो येणार नाही. जगातलं सगळं शहाणपण दाढीतच उगवतं असं ज्यांना वाटतं त्यांनी इथेच थांबावं. या गोष्टीत एक म्हातारी आहे.

तिच्याकडे वळण्यापूर्वी बांगडीविषयी थोडं सांगायला हवं. काचेची बांगडी विकणं सोपं आहे, भरणं अवघड. अंगठा तळव्यात दुमडायचा, हाताचा पंजा असा दाबायचा की हाडं एकमेकांना जागा देतील, आणि त्या क्षणाला बांगडी पुढे सरकवायची. क्षण चुकला की बांगडी गेली. ती गेली असंही कासार म्हणत नाहीत आणि फुटली असं तर मुळीच म्हणत नाहीत. ती ‘वाढली’ म्हणतात. आणि पाटावरचा जुना नियम असा की भरताना जी वाढेल ती कासाराची. तिचं मोल गिऱ्हाइकाकडे मागायचं नाही. त्यामुळे प्रत्येक कासार हात हातात घेण्याआधी डोळ्यांनी तो जोखून घेतो. मऊ हात असेल तर ‘या बसा’ म्हणतो. ताठ हात दिसला की ‘आज तुमच्या मापाच्या नाहीत हो’ म्हणतो आणि माळा नीट करू लागतो. द्वारकेलाही ही युक्ती चांगली अवगत होती.

तर या द्वारकेचा धंदा बसत चालला होता. नव्या चौकात एका व्यापाऱ्याने काचेच्या कपाटांचं मोठं दुकान काढलं होतं. तिथे बांगड्या खोक्यात मिळत. धातूच्या, प्लास्टिकच्या, पाहिजे त्या रंगाच्या. खोका घ्यावा, घरी जाऊन आपल्या हाताने चढवाव्या. हात दुसऱ्याच्या हातात द्यायचं कारणच नाही. द्वारकेच्या पाटापुढे लग्नाच्या दिवसांत आणि सणासुदीला तेवढ्या बायका येत, आणि एरवी ती रस्त्यावरून जाणारे हात पाहत बसे.

भाद्रपदात तो व्यापारी स्वतः ओट्यावर आला. माणूस वाईट नव्हता. बोलण्यात गोडवा होता आणि तो सगळाच खोटाही नव्हता.

“द्वारकाताई, ही जागा मला द्या,” तो म्हणाला. “देवळात येणारं प्रत्येक माणूस इथून जातं. मी इथे छोटं कपाट लावतो. तुम्ही आमच्या मोठ्या दुकानात बसा, सावलीत, पंख्याखाली. अशी संधी पुन्हा येत नाही.”

“तिथे भरायच्या का बांगड्या?”

“भरायच्या कशाला? खोके द्यायचे. आता कोण भरून घेतं?”

“विचार करते.”

“करा. घट बसायच्या आत सांगा म्हणजे झालं. नवरात्राची गर्दी मला इथे हवी आहे.”

तो गेला. द्वारका आपल्या तळहातांकडे पाहत राहिली. या हातांना दुसरं काही येत नव्हतं. वडिलांनी तिला ओटा दिला होता, पण विद्या दिली होती दुसऱ्याच व्यक्तीने, आणि ती व्यक्ती कुंभारआळीच्या टोकाला राहत होती.

तिचं नाव तानाक्का. एके काळी पंचक्रोशीतल्या नवऱ्या तिच्या हातून चुडा भरायला यायच्या. रडणारी पोर असो की भेदरलेली नवरी, तानाक्का हात धरून तिला गोष्टीत गुंतवायची आणि पोरीला कळायच्या आत मनगट भरलेलं असायचं. आता ती थकली होती. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. हात रिकामे होते. जीभ मात्र अजून कामावर होती.

द्वारका गेली तेव्हा तानाक्का उन्हात बसून लसूण सोलत होती, म्हणजे सोलण्याचा प्रयत्न करत होती. द्वारकेने न बोलता तिच्या पुढ्यातलं सूप ओढून घेतलं.

“दुकान सोडून माझा लसूण सोलायला आलीस, म्हणजे काहीतरी बिनसलंय,” तानाक्का म्हणाली.

द्वारकेने व्यापाऱ्याचं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, “आक्का, त्याचं काय चुकतं? बायकांनी बांगड्या सोडल्या. दिवसभर समोरून रिकामे हात जातात.”

“कुणाचे?”

“सगळ्यांचेच. पोरींना नको असतात. नोकरीवाल्या म्हणतात, कामात आवाज होतो. म्हाताऱ्यांचं तर काय, वय झालं त्यांचं.”

“म्हाताऱ्यांना तू विचारलंस?”

“त्यात विचारायचं काय, आक्का? दिसतंच की.”

तानाक्का म्हणाली, “लसणाची सालं सुपात ठेवू नकोस, वाऱ्याने घरभर होतात. आणि उद्या दुपारी ओट्यावर अस. मी येते.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तानाक्का काठी टेकत आली. द्वारकेने तिच्यासाठी पाटाच्या आतल्या बाजूला, गुरूच्या जागेवर, घोंगडी घातली होती. तानाक्काने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ती पाटाच्या बाहेरच्या बाजूला, गिऱ्हाइकाच्या जागी बसली आणि उजवा हात पुढे केला.

“भर.”

द्वारकेला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“काय भरू, आक्का?”

“कासारणीच्या पाटापुढे हात केल्यावर काय भरतात? हिरव्या दाखव. नक्षीच्या नकोत, साध्या.”

समोर हार विकणारी मालनबाई बसायची. तिची ओवती सुई थांबली. द्वारकेने आवाज खाली आणला.

“आक्का, अहो, तुमच्या हातात... म्हणजे काका गेल्यापासून तुम्ही...”

“तुला भरायच्या आहेत की माझा इतिहास वाचायचा आहे?”

द्वारकेने तिचा हात हातात घेतला. लहानपणी याच हाताने तिचा हात धरून तिला विद्या शिकवली होती. आता तो आल्याच्या गड्ड्यासारखा झाला होता. बोटांची पेरं फुगलेली, अंगठ्याचं मूळ दगडासारखं, आणि त्याखालचं मनगट मात्र पोरीच्या मनगटासारखं बारीक. द्वारकेने नेहमीचं माप काढलं, तेलाचं बोट फिरवलं, अंगठा दुमडू लागली. अंगठा दुमडेना. बांगडी पेरांवर अडली आणि वाढली.

“भर,” तानाक्का म्हणाली.

द्वारकेने मोठं माप घेतलं. तीही वाढली. त्याहून मोठं घेतलं. ती अर्ध्यावर गेली, द्वारकेला हायसं वाटलं, आणि तेवढ्यात तिचे दोन तुकडे झाले. तानाक्काच्या हातावर लाल ओरखडा उठला. तिने तो पदराने पुसला.

“भर.”

शेवटी द्वारकेने खुंटीवरची सगळ्यांत मोठी बांगडी काढली. ती पेरांवरून सहज उतरून मनगटावर गेली.

“बसली बघा,” द्वारका म्हणाली.

तानाक्काने हात खाली सोडला. बांगडी तशीच आली त्या वाटेने परत गेली आणि ओट्याच्या दगडावर पडून वाढली.

“बसली कुठे,” तानाक्का म्हणाली. “भेटायला आली होती. हं, दुसरी काढ.”

मालनबाई पलीकडून हसली. “म्हातारीला आता नटायचा चळ लागलाय वाटतं.”

तानाक्काने मान न वळवता उत्तर दिलं. “मालन, तुझे हार कोमेजायला लागलेत. त्यांच्यावर पाणी शिंपड, माझ्यावर नको.”

पाटावर हिरव्या तुकड्यांचा ढीग झाला. जी वाढते ती कासाराची. द्वारकेकडे माल आधीच थोडा होता, आणि ज्या बाईला आपण आईच्या जागी मानलं तीच तो मुद्दाम संपवते आहे असं तिला वाटू लागलं. तिचे डोळे भरून आले.

“आक्का, माझं दुकान वाढवायला आलात का तुम्ही?”

दुकान बंद करण्यालाही आमच्याकडे दुकान वाढवणंच म्हणतात. तानाक्काने आपला ओरखडे पडलेला हात मागे घेतला नाही. तो तसाच पाटावर ठेवून तिने हळू विचारलं,

“माझे हात रिकामे का आहेत, सांग बघू.”

“काका गेले म्हणून.”

“तुझे काका गेले त्या दिवशी चार बायका आल्या होत्या माझ्या बांगड्या उतरवायला. मी त्यांना सांगितलं, हा हात माझ्या बापाने भरला, मग मी स्वतः भरला, यात तुमच्यापैकी कुणाचं काही नाही. त्यांना चहा करून दिला आणि घरी पाठवलं. त्यानंतरही मी बांगड्या घालत होते. तू पाहिल्यास. पण लोकांना जे बघायचं असतं तेवढंच लक्षात राहतं, आणि तूही लोकांतलीच.”

द्वारकेला आता आठवत होतं. तानाक्का शिकवताना तिच्या हातांचा आवाज व्हायचा. तो आवाज कधी थांबला हे मात्र आठवत नव्हतं.

“मग सांधे सुजले,” तानाक्का म्हणाली. “एकेक बांगडी वाढत गेली आणि नवी चढेना. शेवटची गेली त्यानंतर एकदा मी भांडी घासत होते, आणि घासता घासता थांबले. म्हटलं, इतकं शांत का वाटतंय. तेव्हा कळलं. तू म्हणतेस, बायकांनी बांगड्या सोडल्या. अगं, कुणी सोडल्या आणि कुणाच्या सुटल्या, हा फरक तुला कधी विचारावासा वाटला नाही? दोघींचा हात रिकामाच दिसतो. जिने सोडली तिला विकायला जाऊ नये, तो तिचा मान आहे. पण जिची सुटली ती अजून वाट पाहते.”

“पण मला काय माहीत, आक्का...”

“माहीत नाही कारण तू बघत नाहीस. आणि बघत नाहीस कारण जी वाढते ती कासाराची. या नियमाने आपण सगळे ताठ हातांकडून नजर काढून घ्यायला शिकलो. माझ्या आईने मला तो नियम वेगळा सांगितला होता. ती म्हणायची, वाढलेली तुझी, म्हणजे ती का वाढली याचं उत्तरही तुझंच. मी ते अर्धंच तुला शिकवलं.” तिने आपलं फुगलेलं पेर दुसऱ्या हाताने चाचपलं. “तो शेठ तुला काय म्हणाला? संधी. वैद्यबुवा माझी बोटं दाबून हाच शब्द म्हणतात. ही संधी सुजली, ती संधी आखडली. दोन हाडं जवळ येतात आणि मधे जराशी फट राहते, तिला ते संधी म्हणतात. माझ्या दोन हातांत बघ किती आहेत. तुझी बांगडी नेमकी तिथे अडते आहे आणि तू बघतेस चौकाकडे.”

“मग मी करू काय?”

“मला कसं ठाऊक असेल? उपाय ठाऊक असता तर माझे हात असे राहिले असते?” तानाक्का काठीवर जोर देऊन उठली. “अडतं कुठे ते दाखवायला आले होते. पुढचं तुझं. तुकडे नीट गोळा कर, देवळात अनवाणी माणसं जातात.”

इथे मला मध्येच बोलू द्या. धंद्यावर व्याख्यानं देणारे लोक सांगतात की दूर नजर ठेवा, जग कुठे चाललंय ते पाहा. ठेवावी दूर नजर, माझी ना नाही. पण गिऱ्हाईक आपल्या पायरीवरून मागे फिरतं तेव्हा नजर जवळ असावी लागते, आणि ते अधिक कष्टाचं आहे, कारण तिथे आपलंच काहीतरी वाढलेलं दिसतं.

द्वारकेने तानाक्काचं म्हणणं डोळे मिटून मानलं नाही. ती तशी शिष्या नव्हतीच. एका म्हातारीचं दुःख म्हणजे साऱ्या गावाचं दुःख कशावरून, असं तिच्या मनात आलं, आणि ते रास्त होतं. तिने दुसऱ्या दिवसापासून देवळाच्या पायऱ्यांवर बायकांना विचारायला सुरुवात केली.

पहिल्याच बाईने तिला झाडलं. “मला आवडत नाहीत म्हणून घालत नाही. तुला काय करायचंय?”

“काही नाही, मावशी. विचारलं फक्त.”

दुसरी म्हणाली, “हात मोडला होता, आत पट्टी घातली आहे. दवाखान्यात कापून काढल्या त्या काढल्या.” तिसरीने हात चटकन पदराखाली घेतला, जणू तिला उघड्यावर पकडलं होतं, आणि मग पायऱ्या उतरताना मागे वळून म्हणाली, “चढत नाहीत गं.” कापडाच्या दुकानात काम करणारी एक तरुण बाई हसून म्हणाली की तिला आवाजाचा कंटाळा आहे. तिने खरंच सोडल्या होत्या आणि छान दिसत होती.

आणि मग एक आजी भेटली, वाकलेली, हातात दुर्वांची जुडी. द्वारकेने विचारल्यावर ती ओशाळली.

“तुझ्या वडिलांकडून भरायची मी. नंतर एकदा तुझ्याकडे आले होते. तुला आठवत नसेल. माझ्यापायी तुझ्या तीन वाढल्या. तू काही बोलली नाहीस, पण तुझं तोंड उतरलं. म्हटलं, लेकराचं नुकसान कशाला करायचं. म्हणून मी या बाजूने येतच नाही, पलीकडच्या पायऱ्यांनी चढते.”

द्वारका आपलं नुकसान होऊ नये म्हणून ताठ हात टाळत होती, आणि ते हात तिचं नुकसान होऊ नये म्हणून तिला टाळत होते. दोन्हीकडून नुकसान टळत होतं आणि मधल्या मधे धंदा मरत होता. त्या दिवसापासून तिने पलीकडच्या पायऱ्यांकडेही लक्ष ठेवलं. तिथून चढणाऱ्या बायका तिला वाटल्या होत्या त्याहून पुष्कळ होत्या.

कळलं, पण कळून बांगडी चढत नाही. मोठं माप चढतं आणि मनगटावरून गळून पडतं, लहान माप अडतं. द्वारका तुकड्यांची टोपली पुढ्यात घेऊन बसे. लहानपणी ती आणि तिच्या मैत्रिणी असे तुकडे वडिलांच्या ओट्यावरून मागून आणत, मेणबत्तीच्या ज्योतीवर धरत, काच लाल होऊन मऊ पडली की वाकवत, आणि एकात एक अडकवून दाराला तोरण करत. तो खेळ आठवून तिने सहज एक तुकडा ज्योतीवर धरला. टोक लवलं. तिने ते चिमट्याने वळवून त्याचं बारीक कडं केलं.

मग ती बराच वेळ त्या कड्याकडे पाहत राहिली.

बांगडी गोल असते म्हणून अडते. तिला उघडता आलं तर? तिने खुंटीवरून कोरी, अख्खी बांगडी काढली, कानशीने दोन ठिकाणी खाच पाडली आणि तिचे दोन सारखे अर्धे भाग केले. कासाराच्या घरात जन्मून चांगली बांगडी आपल्या हाताने वाढवायची म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. चारही टोकांना तिने ज्योतीवर कडी वळवली. एका बाजूला पितळी तारेचा वेढा घालून दोन्ही भाग जोडले, दुसऱ्या बाजूला तारेचा आकडा केला.

थंड होता होता ती तडकली.

पुढच्याही तडकल्या. मग तिला वडिलांचं बोलणं आठवलं की काचेला घाई चालत नाही, आणि ती गरम काच चुलीच्या कोमट राखेत पुरून ठेवू लागली. राखेतून निघालेली पहिली धड बांगडी घेऊन ती तानाक्काकडे गेली. तानाक्काने घालून पाहिली आणि लगेच काढली.

“चिमटा काढते ही. सासूच्या वरताण आहे.”

द्वारकेने सांधा लहान केला. पुढची बांगडी चिमटा काढत नव्हती, पण कणीक मळताना आपोआप उघडली आणि तानाक्काने ती परातीतून शोधून परत पाठवली, निरोपासकट: भाकरीत काच घालून मारायचा बेत असेल तर आधी सांगून ठेव. द्वारकेने आकड्याला उलटं वळण दिलं. मग एक आकडा पदराच्या धाग्यात अडकू लागला, मग तोही तिने आत वळवला.

त्यात एकदा तो व्यापारी डोकावला. पाटावरचे अर्धे भाग आणि मेणबत्ती पाहून त्याला नवल वाटलं.

“द्वारकाताई, हे काय? वाढलेल्या बांगड्या जोडून विकणार? लोक अपशकुन म्हणतील. हातोहात नाव खराब होईल तुमचं.”

ही भीती तिलाही होतीच. संध्याकाळी तिने दुर्वांच्या आजीला गाठलं आणि सगळं खरं सांगितलं, की बांगडी कोरी आहे पण मी ती कापली आहे आणि जोडली आहे, तुम्हाला चालत नसेल तर मनात काही न आणता नाही म्हणा.

आजीने ती उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

“अपशकुन,” ती स्वतःशीच म्हणाली. “अगं, इतकी वर्षं रिकाम्या हाताने देवाला ओवाळलं, त्याहून आणखी काय व्हायचंय?” आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

तिला बघून हात मोडलेली आली. ती आपल्या जावेला घेऊन आली. पदराखाली हात लपवणारी सर्वांत शेवटी आली, दुपारी, रस्ता मोकळा असताना, आणि म्हणाली, “या सांध्याच्या बांगड्या म्हणतात त्या तुम्हीच का करता?” नाव द्वारकेने ठेवलं नव्हतं. ते पायऱ्यांवरच कुणीतरी ठेवलं.

म्हणजे द्वारका रातोरात श्रीमंत झाली असं मी लिहिणार नाही, कारण तसं होत नाही. एक बांगडी करायला वेळ लागे, काही राखेत तडकत, त्या तिच्याच. मात्र ती दुपारची ओटा बंद ठेवायची ते तिने थांबवलं. आखडलेले हात सकाळी वळत नाहीत, उन्हं चढल्यावर जरा सैल होतात, हे तिला हात धरता धरता समजलं होतं. तिने कोमट पाण्याचं घंगाळ ओट्यावर ठेवलं. बायका त्यात हात बुडवून बसत, एकमेकींची पेरं बघत, आणि कुणाचं दुखणं जास्त यावर थोडं भांडतही.

घट बसण्याच्या आदल्या दिवशी तानाक्का आली. आजही ती पाटाच्या बाहेरच्या बाजूलाच बसली. तिच्या मापाच्या हिरव्या बांगड्या द्वारकेने वेगळ्या करून ठेवल्या होत्या. बारीक मनगटाच्या मापाच्या, कारण आता पेरांशी भांडायचं नव्हतं. एकेक उघडून तिने मनगटावर ठेवली, मिटली, आकडा आत वळवला. दोन्ही हात भरले. समोर मालनबाईची सुई पुन्हा थांबली होती.

तानाक्काने हात कानाजवळ नेला आणि हलवला. काच काचेवर वाजली. तिने तो पुन्हा हलवला आणि डोळे मिटून घेतले.

याच वेळी व्यापारी उत्तर घ्यायला आला आणि पायरीशी उभा राहिला.

बांगड्या भरून झाल्या की भरणाऱ्याला नमस्कार करायचा, अशी आमच्या बायकांची रीत आहे. भरणारा लहान असो, मोठा असो. तानाक्काने डोळे उघडले, पदर सावरला आणि पाटावर हात टेकून द्वारकेपुढे वाकली. द्वारका एकदम मागे सरली.

“आक्का, काय करता हे? तुम्ही माझ्या गुरू.”

“गप्प बस. मी पाटाच्या कुठल्या बाजूला बसले आहे ते बघ.”

ती वाकली, आणि वाकताना तिचे हात वाजले. द्वारकेने तिच्या मस्तकाला हात लावला, आणि मग स्वतःच ओणवी होऊन तिच्या मांडीवर डोकं टेकलं. तानाक्का तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली, जरा अवघडून, कारण नव्या बांगड्यांची सवय व्हायची होती.

व्यापारी तानाक्काच्या बोटांकडे पाहत होता, त्या फुगलेल्या पेरांकडे. शेवटी त्याने विचारलं तेव्हा त्याचा आवाज वेगळाच लागला.

“तुम्ही घरी येऊन भरता का हो?”

“कुणाला भरायच्या आहेत?”

“आईला. उठत नाही ती आता. हात असेच आहेत तिचे. माझ्या दुकानात एवढे खोके आहेत. मला वाटायचं, तिला नकोच असतील.”

द्वारकेने डोळे पुसले आणि घंगाळातलं पाणी बोटाने पाहिलं.

“दुपारी येते. त्यांचे हात तेवढे कोमट पाण्यात ठेवायला सांगा. आणि रंग कुठला हवा ते तुम्ही ठरवू नका, त्यांना विचारा.”

तो मान हलवून पायऱ्या उतरला. ओट्याचं त्याने विचारलं नाही, आणि तिनेही काही सांगितलं नाही.

आपल्या दारावरून जो रिकाम्या हाताने जातो, त्याने सोडलं आहे की त्याचं सुटलं आहे, एवढं एकदा जवळ जाऊन विचारावं.